फोटो काढला, पण नाव विचारले का?

मी काही व्यावसायिक फोटोग्राफर नाही. आठवड्याचे सहा दिवस एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करतो आणि रविवारी सेकंडहँड कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडतो. तरीही आज फोटोबद्दल लिहितो आहे. कारण चळवळीतल्या प्रत्येक तरुणाच्या खिशात आज कॅमेरा आहे, आणि मी जी चूक केली ती आपल्यातले अनेकजण रोज करत आहेत.

दोन वर्षांपूर्वी ६ डिसेंबरला मी शिवाजी पार्कवर होतो. पुस्तकांच्या एका स्टॉलसमोर एक आजी उभी होती. पांढरी साडी, काखेत बोचके, आणि हातातले पुस्तक अगदी डोळ्यांजवळ धरलेले. मी चार-पाच फोटो काढले आणि पुढे निघालो. रात्री त्यातला एक फेसबुकवर टाकला. फोटो खूप फिरला. शेकडो लोकांनी शेअर केला. मीही खूश होतो. मग कुणीतरी तोच फोटो उचलून त्यावर ओळ टाकली, ‘अडाणी माउलीची श्रद्धा’. मला राग आला. ती अडाणी आहे हे याला कोणी सांगितले? पण खोडून काढायला माझ्याकडे तरी काय होते? ती वाचत होती की नुसते मुखपृष्ठ बघत होती, स्वतःसाठी पुस्तक घेत होती की नातवासाठी, हे मलाही ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते.

फोटो आईला दाखवला. तिने मोबाईल हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “नाव काय रे हिचं? कुठल्या गावची?” मी म्हणालो, “गर्दी होती आई, कुठे विचारत बसणार?” ती काहीच बोलली नाही. उठली, कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले वर्तमानपत्राचे एक जुने कात्रण काढले आणि माझ्यासमोर ठेवले.

ते कात्रण मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माझे वडील सफाई कामगार होते. पावसाळ्याआधीच्या नालेसफाईचा तो फोटो. गुडघाभर गाळात फावडे घेऊन उभे असलेले माझे वडील, आणि वर कठड्यावर पाहणीला आलेले साहेब. खालच्या ओळीत साहेबांचे नाव आहे, हुद्दाही आहे. वडिलांसाठी एकच शब्द आहे, ‘कामगार’. मी तिसरीत असताना आईने माझ्याकडून त्या कात्रणाच्या कोऱ्या कडेवर पेनाने वडिलांचे पूर्ण नाव लिहून घेतले होते. अक्षर वाकडेतिकडे आहे, पण नाव आहे. आई एवढेच म्हणाली, “तुझ्या वडलांचा फोटो काढणारा पण घाईतच असंल.”

मित्रांनो, ते वाक्य मला झोपू देईना. ज्या वागणुकीवर आपण प्रस्थापितांना जाब विचारतो, तीच मी माझ्या माणसांशी वागलो होतो.

जगातही हे घडले आहे. १९३६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग या फोटोग्राफर बाईंनी मुलांना बिलगून बसलेल्या एका आईचा फोटो काढला. ‘मायग्रंट मदर’ म्हणून तो जगभर गाजला. लँग सरकारी कामावर होत्या, त्यांचा हेतूही चांगलाच होता. पण त्यांनी त्या बाईचे नाव विचारले नाही. ती फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, मूळनिवासी चेरोकी वंशाची, हे जगाला १९७८ मध्ये कळले. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळाने! आणि त्या फोटोबद्दल तिच्या मनात कडवटपणा होता.

याच्या अगदी उलटे उदाहरण गॉर्डन पार्क्स या काळ्या फोटोग्राफरचे. १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या एका सरकारी इमारतीत झाडूपोछा करणाऱ्या काळ्या स्त्रीला त्यांनी अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभे केले, हातात झाडू आणि बाजूला पोछा. पण त्याआधी ते तिच्याशी बोलले. नंतर तिच्या घरी गेले, तिच्या नातवंडांचे, तिच्या चर्चचे फोटो काढले. म्हणून एला वॉटसन हे नाव आजही त्या फोटोसोबत आहे. लँग आणि पार्क्स, दोघांच्याही हातात कॅमेरा होता. मग फरक कशाचा होता? समोरच्याला विषय समजायचे की माणूस, याचा.

मागच्या हिवाळ्यात बायको आणि मुलीला घेऊन कार्ल्याच्या लेण्यांना गेलो होतो. तिथल्या चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपारनंतर उजेड आत येतो आणि फोटो छान येतात, म्हणून मी मुद्दाम उशिरा पोहोचलो. मुलीने दारापाशी कोरलेल्या अक्षरांवर बोट ठेवले आणि विचारले, “पप्पा, इथं काय लिहिलंय?” मी म्हणालो, “नावं आहेत.” कार्ल्याच्या ब्राह्मी शिलालेखांत धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, सिंहदत्त नावाच्या सुगंधी वस्तूंच्या व्यापाऱ्याचे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या बौद्ध वारशाने सुताराचे नाव दगडावर कोरून ठेवले, आणि मी हातात वही-पेन असून एका आजीचे नाव लिहून घेतले नाही!

तेव्हापासून कॅमेऱ्याच्या बॅगेत एक वही असते. नाव, गाव, तारीख, फोन नंबर आणि ते माणूस स्वतःबद्दल जे सांगेल ते. नंतर फोटोची प्रत त्याच्याकडे पोहोचवतो. चार बाय सहाच्या प्रिंटला चहाएवढे पैसे लागतात.

आणखी एक. ६ डिसेंबरला सगळीकडे पांढरे कपडे असतात. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे धरून चालतो, म्हणून पांढरे जास्त दिसले की उजेड कमी करतो आणि आपल्या माणसांचे सावळे चेहरे काळेकुट्ट होऊन जातात. तेव्हा एक्स्पोजर थोडे वाढवा, मोबाईलवर चेहऱ्याला बोट लावून उजेड वाढवा. आणि गोरे करणारे फिल्टर कृपा करून लावू नका. आपला रंग हा काही फोटोतला दोष नाही.

कोणी म्हणेल, लाखोंच्या गर्दीत कोणाकोणाची नावे विचारायची? गर्दीचा फोटो गर्दीचा म्हणून काढा, त्याला कोणाची हरकत नाही. पण एकाच चेहऱ्यावर फोकस करता, तेव्हा तो माणूस गर्दी राहत नाही. कोणी म्हणेल, अत्याचारग्रस्त कुटुंबाचे नाव दिले तर गावात त्यांनाच त्रास होईल. अगदी बरोबर. म्हणूनच आधी विचारायचे. ते नको म्हणाले तर फोटोही टाकायचा नाही, नावही नाही. वहीत नोंद ठेवायची की नाही, हेही त्यांनीच ठरवायचे. आणि लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणे तर कायद्यानेच गुन्हा आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे.

त्या आजीच्या फोटोची प्रिंट मी काढून घेतली आहे. गेल्या ६ डिसेंबरला त्याच स्टॉलच्या आसपास दिवसभर फिरलो. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेल्या बायकांना फोटो दाखवला. दोघीतिघी म्हणाल्या, ओळखीची वाटते. पण नाव कोणाला सांगता आले नाही. यंदाही प्रिंट घेऊन जाणार आहे. आजी भेटली तर आधी माफी मागेन, मग नाव विचारेन.

तुमच्या मोबाईलमध्येही असे कितीतरी फोटो असतील. आज घरी गेल्यावर एक तरी उघडा, आईला, आजीला शेजारी बसवा आणि विचारा, हे कोण? आठवतेय तोवर लिहून ठेवा.

जय भीम!