मुलांसोबत घडवलेला विटीदांडू

विटीदांडूला विकतचे साहित्य लागत नाही. साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील जत-आटपाडीच्या कोरड्या माळावर बाभूळ मुबलक आढळते. तिचे लाकूड कठीण आणि चिवट असल्याने या खेळाला ते उत्तम.

दांडूसाठी सुमारे दोन फूट लांबीची, मुठीत मावेल इतकी जाड, सरळ फांदी निवडावी. ती सावलीत वाळवली की तडकत नाही. साल काढून मुठीकडचा भाग कानशीने गुळगुळीत करावा. विटीला चार ते सहा इंचांचा तुकडा पुरतो. दोन्ही टोके सारखी निमुळती व्हायला हवीत. एक बाजू जड राहिली तर विटी वेडीवाकडी उडते. कोयता किंवा वाकस मोठ्यांनी चालवावा. मोजणे, खुणा करणे आणि घासणे ही कामे मुलांची. टोके निमुळती असावीत, पण अणकुचीदार नसावीत.

टोकावर दांडू आपटताच विटी तरफेप्रमाणे उसळते आणि हवेतच तिला टोला बसतो. डाव मात्र गलीपासून सुरू होतो. जमिनीत उकरलेल्या या छोट्या खळग्यावर आडवी ठेवलेली विटी दांडूने कोलतात. ती हवेत झेलली गेली की खेळणारा बाद. टोल्याचे अंतर दांडूनेच मोजले जाते, म्हणून मोजणीही खेळातच शिकून होते.

डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून मैदान मोकळे हवे आणि बघ्यांनी दूर उभे राहावे. एवढी काळजी घेऊन प्रत्येक घराने मुलांसोबत एक तरी विटीदांडू घडवावा.