तिसरी चढाई

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये रिलीज होतं, मग सर्दी, मग नुसताच आळस. पण गेल्या रविवारी धुळ्याला मामाच्या शेतात भरीत पार्टी झाली आणि तिथला वाद डोक्यातून जाईना, म्हणून हे.

(खान्देशाबाहेरच्यांसाठी: पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, ठेचायची, कळण्याच्या भाकरीशी खायची आणि किती खाल्लं ते मोजायचं नाही.)

तर झालं असं की मामाचा धाकटा, ज्याला घरात सगळे बारक्या म्हणतात, विद्यापीठाच्या कबड्डी संघात आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार ह्या तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांचं आमचं विद्यापीठ, बहिणाबाईंच्या नावाचं. बारक्या टी.वाय.बी.ए.ला, चढाई करतो. आता प्रश्न असा की पुढचं एक वर्ष प्रो कबड्डीच्या निवड चाचण्यांमागे घालवायचं, की पोलीस भरतीची तयारी करायची? दोन्ही एकदम जमत नाही. भरतीत मैदानी परीक्षेचे 50 गुण. 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. वर 100 गुणांची लेखी. 1600 मीटर पळणारं शरीर आणि सात जणांना अंगावर घेऊन रेषेला हात लावणारं शरीर, ही वेगवेगळी कामं आहेत.

मामाने मला गाठलं. "भाचे, तू इंजिनिअर शे. तुले काय वाटस?"

इंजिनिअरला सगळं कळतं हा आमच्याकडचा जुना गैरसमज. मीही तो दूर करायच्या भानगडीत पडलो नाही. पाच सामन्यांचे मोबाइलवरचे व्हिडिओ मागवले आणि चक्क एक्सेलमध्ये नोंदी केल्या. हसा खुशाल.

आता तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात. पण 2014 च्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला 12 लाख 80 हजार मिळाले तेव्हा तो सगळ्यात महागडा होता. 2023 मध्ये पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाखांच्या वर लावले. त्याच लिलावाच्या यादीत खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम सामन्यातले दोन्ही संघ, म्हणजे 24 कॉलेजची पोरं होती. 2024 ला सगळ्यात खालच्या गटाची पायाभूत किंमतच 9 लाख होती. मामाच्या कापसाला इतके पैसे कधी मिळायचे? थोडक्यात, "पोरगं कॉलेजात भारी खेळतं" ह्या वाक्याला आता बाजारभाव आहे.

माझं मत नकाराचं होतं. बारक्याचे निम्म्याच्या आसपास गुण बोनसचे. समोर सहा किंवा जास्त जण असले की बोनस मिळतो आणि कॉलेजचे कोपरारक्षक तो देऊनही टाकतात. वरच्या पातळीवर पाय लांबवला की घोटा धरला म्हणून समजा. बरं, एका तगड्या संघाविरुद्ध तर तो दुसऱ्या डावात डाव्या कोपऱ्याकडे फिरकलाच नाही.

सर मात्र उसळले. सर म्हणजे जळगावचे आमचे जुने क्रीडाशिक्षक, खास भरतासाठी आलेले. "गुण काय मोजतो भो? तिसऱ्या चढाया मोज." सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर बाद. समोरच्या सातही जणांना ठाऊक असतं की हा आता येणार. तेही मोजून ठेवलं होतं: 14 पैकी 5. मी म्हटलं, बघा, नापास. सर म्हणाले, गाढवा, 9 वेळा बाद झाला त्यात किती वेळा मधल्या रेषेपासून हातभर अंतरावर होता? हे एक्सेलमध्ये नव्हतं.

मला आमचे कॅम्पस इंटरव्ह्यू आठवले. दोन वर्षांपूर्वी मी पॅनेलवर होतो. एका मुलाने सगळी उत्तरं बरोबर दिली, मी हिरवा शेरा मारला. कामाला लागल्यावर प्रश्न जरा वाकडा आला की तो गप्प बसायचा. उत्तरं पाठ होती आणि मी प्रश्न बदलून विचारलाच नव्हता. चूक माझीच.

तशी चूक मोठमोठे करतात. प्रदीप नरवाल 2015 ला बंगळुरूकडून आला तेव्हा फारसा कुणाच्या नजरेत भरला नाही, आणि 2017 ला पाटण्याकडून एकाच मोसमात 369 चढाई गुण. तोच प्रदीप 2025 च्या लिलावात कुणी घेतला नाही. उलट बाजूला सतनाम सिंग. 2015 ला डलासने 52 व्या क्रमांकावर निवडलेला, एनबीएच्या ड्राफ्टमधला पहिला भारतीय खेळाडू. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. आणि आपला चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई? 2018 ला यू मुंबाने 36 लाख 40 हजारांना घेतला, पहिल्याच मोसमात चढाईचे 218 गुण, पुढच्या लिलावात 1 कोटी 45 लाख. त्याचं उदाहरण सर देणार हे ठरलेलंच होतं. मग मी खांद्याची दुखापत काढली. ते म्हणाले अस्लम इनामदार बघ, नगरचा, 2024 ला पुणेरी पलटणला विजेतेपद मिळवून दिलं त्याच्या कप्तानीत. मी म्हटलं त्याच वर्षी पुढच्या मोसमात गुडघा गेला. असं तासभर. मामी भाकऱ्या थापत एवढंच म्हणाली की वर्दीला पेन्शन आहे का नाही ते बघा आधी. (नव्या भरतीच्या पेन्शनवर मी मुद्दाम बोललो नाही, वेगळाच वाद निघाला असता.)

बारक्या वांगी सोलत बसला होता. त्याला कुणीच काही विचारलं नव्हतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. भांडी घासायला विहिरीवर गेलो तेव्हा मी म्हटलं, लेका, त्या सामन्यात डाव्या कोपऱ्याकडे का जात नव्हतास? घाबरलास?

तो राख चोळत राहिला. मग म्हणाला, "दादा, तिकडून परत वळताना सगळा भार उजव्या पायावर येतो. गुडघा निसटतो. दिवाळीपासून."

"सरांना माहितीये?"

"नाही. संघातून काढतील ना."

सुजलेल्या गुडघ्याने 14 तिसऱ्या चढाया, आणि मी त्याच्या नावापुढे पिवळा रंग भरून 'धैर्य कमी' असं लिहिलं होतं. 1600 मीटरचाही प्रश्न मग तसाच राहिला.

रात्रीच्या बसने पुण्याला परत येताना सरांना फोन केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, डॉक्टरांची वेळ मी घेतो. एमआरआय गुरुवारी आहे. मामीला अजून सांगितलेलं नाही.