आधीं दिसतें, मग ऐकूं येतें

मृग लागला कीं परभणी जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवीं संध्याकाळीं एकच देखावा दिसतो. काळी जमीन दिवसभर तापलेली असते, क्षितिजावर ढग दाटून येतात, वीज चमकते आणि ओसरीवरचीं माणसें बोलतां बोलतां थांबून गडगडाटाची वाट पाहतात. त्या थांबण्यांत पदार्थविज्ञानाचा एक सबंध धडा सामावलेला आहे. तो धडा आम्ही गेलीं तीस वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आलों आहों. आम्हांस स्वतःला तो केव्हां समजला, ही गोष्ट निराळी.

वीज आणि गडगडाट हीं एकाच घटनेचीं दोन अपत्यें. विजेच्या वाटेंतील हवा एका क्षणांत सुमारें ३०,००० अंशांपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहून पांचपट. ती हवा स्फोटासारखी फांकते, आणि तो धक्का म्हणजेच गडगडाट. जन्म एकाच वेळचा, परंतु स्वभाव किती भिन्न! प्रकाशलहरीस कोणाच्या आधाराची गरज नाहीं. सेकंदास तीन लक्ष किलोमीटर या वेगानें ती पोकळींतूनहि चालते. ध्वनीस हवेवांचून पाऊल टाकवत नाहीं. जत्रेच्या गर्दींत मागचा पुढच्यास ढकलतो. माणसें जागच्या जागीं राहतात आणि धक्का तेवढा देवळाच्या दारापर्यंत जातो, तशी त्याची गति. शून्य अंश उष्णतामानास तो सेकंदाला ३३१ मीटर जातो, आणि पुढें दर अंशास सुमारें अर्धा-पाऊण मीटर वाढतो. आमच्या वैशाखांत हा हिशेब ३५५ मीटरांपर्यंत पोंचतो. उन्हानें वेग वाढणारी आमच्या जिल्ह्यांतील ही बहुधा एकमेव वस्तु असावी.

लहरींच्या लांबींतहि असेंच अंतर आहे. माणसाच्या बोलण्यांतील लहरी हातभर-दोन हात लांब असतात, तर प्रकाशाची लहर मिलिमीटराच्या हजाराव्या भागाच्याहि निम्म्याएवढी. म्हणून शेजारचें भांडण भिंतीला वळसा घालून आपल्या घरांत येतें, भांडणारे मात्र दिसत नाहींत. विजेची वाट कित्येक किलोमीटर लांब असते. तिच्या जवळच्या टोंकाचा आवाज आधीं पोंचतो, दूरच्याचा मागाहून, आणि एकच कडाका आपल्या कानीं लांबलचक गडगडाट होऊन येतो. चमक दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजावे, तिहींनीं भागावें, म्हणजे किलोमीटर निघतात. मुलांस हें गणित फार आवडतें. आम्हांसहि आवडत असे.

१९९३ च्या जूनमधील गोष्ट. आम्ही नुकतेच अध्यापक झालों होतों आणि जिंतूर तालुक्यांतील आपल्या गांवीं आलों होतों. ओसरीवर ट्रांझिस्टर चालू होता. दूर वीज चमकली कीं त्यांत त्याच क्षणीं खर्रकन् आवाज उठे. रेडिओची लहर प्रकाशाच्याच जातीची, त्यामुळें तिला उशीर ठाऊक नाहीं. आम्ही मोठ्या ऐटींत सेकंद मोजीत होतों. पहिल्यांदा पंधरा आले, मग बारा. आमचा सालगडी अंगणांत उभा होता. वयानें तो वडिलांएवढा. आम्ही त्यास मामा म्हणत असूं.

"धाकले मालक, किती लांब हाये?" त्यानें विचारलें.

"मामा, चार किलोमीटर."

"चार म्हंजे पल्याडलं गाव की. मंग लई लांब हाये. एक पट्टा राह्यलाय, तेवढा पेरून येतो."

तो बैल घेऊन गेला. आम्हीं त्यास थांबविलें नाहीं. थांबवावें असें मनांतहि आलें नाहीं. अर्ध्या तासानें ट्रांझिस्टर खरखरला, अंगण पांढरें झालें, आणि मोजावयास एकहि सेकंद मिळाला नाहीं. पाऊस आला म्हणून तो बांधावरच्या चिंचेखालीं उभा राहिला होता. तेथेंच तो सांपडला, आणि शेजारीं एक बैल.

आमचा भागाकार चुकला नव्हता. परीक्षेंत त्यास पूर्ण गुण मिळाले असते. परंतु बारा सेकंद हे पडून गेलेल्या विजेचें अंतर सांगतात, पडणाऱ्या विजेविषयीं एक अक्षरहि सांगत नाहींत. ढग मैलोगणती पसरलेला असतो, आणि दुसरी वीज पहिलीपासून आठ-दहा किलोमीटरांवर सहज उतरते. तीस सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला तर घर गांठावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडूं नये. झाडाचा आसरा तर मुळींच घेऊं नये. हें आमच्या इंग्रजी क्रमिक पुस्तकांत नव्हतें. त्यांतील उदाहरण उत्तराखालीं दोन रेघा ओढून संपत असे.

कोणींहि आम्हांस बोल लावला नाहीं. "नशिबात व्हतं," असें त्याची बायको म्हणाली. ती पुढें वारली. बारा सेकंदांची गोष्ट आम्हीं तिला कधींच सांगितली नाहीं.

आतां त्याचा मुलगा आमचें शेत बटईनें करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचें 'दामिनी' त्याच्या फोनवर आहे. विजेची रेडिओलहर निरनिराळ्या केंद्रांवर किंचित् पुढेंमागें पोंचते. त्या सूक्ष्म फरकावरून वीज कोठें पडली हें काढतात. आमच्या ट्रांझिस्टरांतली खरखरच ती. गेल्या जूनमध्यें तो फोन वाजला तेव्हां तो धुऱ्यावर होता. आम्हीं हांक मारली, खुर्ची ओसरीवरून आंत घेतली. जुनी संवय जात नाहीं. मनांत मोजणें चालूच होतें.

"सर, किती?" त्यानें दारांतूनच विचारलें.

"आधीं आंत ये."

तो पाय पुसून आंत आला, भिंतीशीं टेकून बसला आणि पुन्हां विचारूं लागला.

"चोवीस."

त्यानें मनांत भागाकार केला. "आठ किलोमीटर. मंग लांबच हाये की," तो म्हणाला, आणि त्याची नजर शेताकडे वळली.

आम्हीं चहाचा पेला त्याच्यापुढें सरकविला, दार लोटलें, आणि त्याच्या बापाची ती संध्याकाळ पहिल्यापासून सांगावयास प्रारंभ केला.