गजावरची खूण

कोकणात शेतराखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक अजून कितीतरी घरांत आहे. आमच्याकडेही होती. एरवी मी खतांच्या मात्रा सांगणारा माणूस. आज हा विषय घेतला, कारण माझ्या काकांच्या डाव्या हाताला तीनच बोटे होती.

काडतुसाची बंदूक उघडली की भरलेली आहे की नाही ते दिसते. ठासणीचे तसे नाही. दारू मापून तोंडातून ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. बाहेरून काही कळत नाही. त्या रात्री नाचणीत डुकरे आलीच नाहीत, म्हणून वडिलांनी भरलेली बंदूक तशीच खुंटीला लावली. दुसऱ्या संध्याकाळी काकांनी ती रिकामी समजून पुन्हा भरली. बार काढताच नळी फुटली.

तुम्ही एवढे करा. बंदूक नक्की रिकामी असताना गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी त्याच्यावर खूण करा. पुढे कधी खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत काहीतरी आहे. बोळा दारूला टेकलाच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तरी नळी फुटू शकते. आणि परवाना बंदुकीचा असतो, डुकराचा नव्हे! १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे त्याला मारायला वेगळी परवानगी लागते.

वडील त्या प्रसंगाबद्दल कधी बोलले नाहीत. एकदा मात्र पडवीत बसून, फुटक्या नळीत गज सोडून, त्यावर कानशीने खूण करताना मी त्यांना पाहिले.