उत्तरपत्रिकेतला द्वेष

आम्ही उर्दू शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. मूलभूत हक्कांचा धडा आला की एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, बोलायची आझादी आहे, तर आम्हाला शिव्या देणाऱ्यालाही ती आहे का?" पाठ्यपुस्तकात याचे सरळ उत्तर नाही. मग आम्ही कॅनडातल्या एका शिक्षकाचा खटला सांगतो. धंदाबंधू म्हणून तो आम्हाला जास्तच टोचतो.

अल्बर्टा प्रांतातल्या एक्व्हिल या छोट्या गावात जेम्स कीग्स्ट्रा हायस्कूलला शिकवीत. ज्यू कपटी आहेत, जगाविरुद्ध कट करतात, हिटलरने केलेला त्यांचा संहार ही सहानुभूतीसाठी रचलेली कहाणी आहे, असे ते वर्गात सांगत. एवढ्यावर थांबते तर एक वेळ. परीक्षेतही मुलांनी तेच लिहायचे. लिहिले तर चांगले गुण, नाही तर कमी. पेपर तपासणाऱ्या लाल पेनात किती ताकद असते ते आम्ही मास्तर लोक जाणतो. त्यांची नोकरी गेली, 1984 साली खटला भरला गेला. 1990 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी द्वेष पसरवण्याविरुद्धचा कायदा वैध ठरवला.

शेजारच्या अमेरिकेत काय चालते? 1977 मध्ये नाझी वेष घालणाऱ्या टोळक्याने शिकागोजवळच्या स्कोकी गावात मोर्चा काढायचे ठरवले. छळछावण्यांतून वाचलेले कितीतरी ज्यू तिथे राहत होते. तरी न्यायालयांनी मोर्चाचा हक्क मान्य केला. तिथे भाषण तात्काळ हिंसेला चिथावणारे आणि ती घडण्याची शक्यता असलेले असेल, तरच गुन्हा. हा निकष 1969 चा.

गंमत पाहा. अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती, 1791 ची, सरकारचे हात बांधते. आपल्या घटनेची पहिली दुरुस्ती, 1951 ची, भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची यादी वाढवते. मात्र निर्बंध 'वाजवी' हवेत, हा शब्दही तिनेच घातला.

आपल्याकडे 295अ कलम 1927 मध्ये आले, लाहोरच्या एका पुस्तकाच्या खटल्यानंतर, मुसलमानांच्या संतापातून. आज ते भारतीय न्याय संहितेत 299 आहे. मोहल्ल्यात काही घडले की आमची मंडळी हेच कलम मागतात. राग रास्त असतो. पण खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, आणि सरकार कोणाविरुद्ध मंजुरी देते, कोणाची फाईल दाबून ठेवते, हे वाचकांना आम्ही काय सांगावे!

म्हणून कीग्स्ट्रा खटल्यातल्या त्या तीन न्यायमूर्तींचे म्हणणेही आम्ही वर्गात सांगतो. कीग्स्ट्राची बाजू त्यांनी घेतली नव्हती. त्यांची भीती वेगळी होती: असा कायदा भलत्यांवरच चालतो. कॅनडात याच कायद्याखाली पूर्वी काही तरुणांना अटक झाली होती. त्यांनी वाटलेल्या पत्रकांवर एवढेच होते, 'यँकी गो होम'.