घड्याळाचा निर्वाळा

घरच्या घरी हृदयाची लय तपासणाऱ्या उपकरणांविषयी लिहावे, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा गेल्या पावसाळ्यात पहाटे छातीत दडपण जाणवताच मनगटी घड्याळाच्या चावीवर बोट टेकवून तीस सेकंदांचा आलेख काढणारे आणि त्यावर 'सायनस ऱ्हिदम', म्हणजे नियमित लय, अशी अक्षरे उमटलेली पाहून निर्धास्तपणे पुन्हा आडवे होणारे कल्याणचे एक निवृत्त गृहस्थ मला प्रथम आठवले. दुपारी ते डोंबिवलीस माझ्यापुढे आले, तोवर हृदयस्नायूचा बराच भाग कायमचा निकामी झाला होता. घड्याळाची साक्ष खोटी नव्हती. लय खरोखरच नियमित होती, बंद पडली होती ती रक्तवाहिनी.

ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत्-आलेख, काढणारे आइन्टहोव्हेन यांचे लायडन येथील पहिले यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि नॉर्मन होल्टर यांनी १९४९ साली पाठीवर वाहिलेले नोंदयंत्र ३८ किलोंचे. तेच कार्य आज मनगटावर व्हावे, याचा माझ्या पेशाला सार्थ अभिमान आहे. परंतु घड्याळ केवळ दोन हातांमधील विद्युद्दाबाचा फरक मोजते, म्हणजे हृदयाकडे एकाच दिशेने पाहते. उलट दवाखान्यातील ईसीजी दहा ठिकाणी विद्युदग्रे लावून बारा दिशांनी पाहतो, आणि हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका ज्या दिशांत प्रकटतो त्यांतील एकही मनगटावरील घड्याळास दिसत नाही. झटका ओळखणे आपल्या कक्षेबाहेरचे आहे, हे निर्मात्यांनीही स्पष्ट नमूद केलेले असते. ते वाचण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

घड्याळाने काढलेल्या या आलेखपट्टीचा खरा उपयोग एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांचे विस्कळीत स्फुरण, पकडण्यात आहे. धडधड पहाटे होते आणि लोकलच्या गर्दीतून रुग्ण माझ्यापर्यंत पोहोचेतो ती शमते. अशा वेळी घरी काढलेली पट्टी हा एकमेव दस्तऐवज ठरतो. पण कोणतेही लक्षण नसताना यंत्राने हुडकलेल्या अशा विकारावर रक्त पातळ करणारी गोळी द्यावी काय, हा वाद मिटलेला नाही. डेन्मार्कमधील २०२१ च्या 'लूप' अभ्यासात सत्तरीपुढील ६,००४ व्यक्तींची विभागणी करून एका गटाच्या त्वचेखाली नोंदयंत्र बसवले, तेव्हा या गटात विकार सुमारे तिपटीने अधिक सापडला, परंतु पक्षाघातात निर्णायक घट दिसली नाही. पुढे २०२३ च्या 'आर्टेसिया' अभ्यासात ॲपिक्साबान या रक्त पातळ करणाऱ्या गोळीने पक्षाघात घटले, तसा गंभीर रक्तस्रावही वाढला. म्हणून क्षणिक नोंदीवर, वय, रक्तदाब, मधुमेह यांची शहानिशा न करता, जन्मभराची गोळी देणे मला मान्य नाही. मात्र संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्या आपल्याकडील रुग्णांस हा युक्तिवाद लागू नाही. त्यांना गोळी हवीच, आणि तीही वॉरफरिनच्या जुन्या वर्गातील, हे 'इन्व्हिक्टस' अभ्यासाने २०२२ साली दाखवून दिले.

रात्री-अपरात्री ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतची तरुण मंडळी हलत्या हाताने काढलेल्या अस्पष्ट पट्ट्या मला पाठवतात. त्यांच्या भीतीने मी थकतो, पण कल्याणच्या त्या गृहस्थांच्या निर्धास्तपणाने अधिक अस्वस्थ होतो. वाचकहो, धडधडीची पट्टी अवश्य जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. परंतु छातीत दडपण, घाम, जबड्यात वा हातात कळ असेल, तर घड्याळाचा निर्वाळा न मागता १०८ क्रमांकावर फोन करा आणि बारा दिशांचा ईसीजी निघेल अशा रुग्णालयात ताबडतोब पोहोचा.