हरळीवरचा खेळ

हरळीशी माझी ओळख पाटीपेन्सिलीपेक्षाही जुनी आहे. राळेगावकडच्या काळ्या जमिनीत ज्याचे लहानपण गेले त्याला हे वेगळे सांगायला नको. आमच्याकडे वावराचे शत्रू तीन: कुंदा, लव्हाळा आणि हरळी. कुंदा राक्षसासारखा उघड उघड उभा राहतो. लव्हाळा चोरासारखा रातोरात उगवतो. हरळी मात्र नात्यातल्या माणसासारखी असते. अंगाने नाजूक, दिसायला गरीब, आणि एकदा घरात शिरली की निघायचे नाव नाही. उपटावी तर वरचे पाते हाती येते आणि मूळ खाली तसेच राहते. नांगराने तोडावी तर तुटलेल्या कांडीच्या पेरापेराला नवा कोंब फुटतो. शेतकऱ्याने रागाने घातलेला घाव हीच तिची पेरणी! माझी आई बायांबरोबर दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जात असे. ती म्हणे, “हरळी वावरात शिरली का मानूस वावराबाहेर जाते.” तिच्या निंदणाच्या रोजीवर मी मॅट्रिक झालो.

गंमत अशी की हीच हरळी भाद्रपदात दूर्वा होते. आठ दिवस जिला शिव्या देत आई निंदायची, तिचेच तुरे चतुर्थीला धुऱ्यावरून खुडून आणायची, धुवायची आणि एकवीसांची जुडी बांधून गणपतीपुढे ठेवायची. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाली, “वावरातली ते हरळी, धुऱ्यावरची ते दुर्वा.” वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात दोघींचे नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. पण जागेने वस्तूचा धर्म बदलतो हे त्या पुस्तकात नाही. मला ते नीट कळायला पुण्याजवळच्या एका डोंगरावर जावे लागले, आणि तेही गोल्फ खेळायला!

राळेगावचा मास्तर आणि गोल्फ! तुम्ही हसाल, आणि हसलात तरी माझी तक्रार नाही. मीही हसलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. चौथीत असताना तो माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसायचा आणि पावसाळ्यात त्याच्या पायांना वावरातला चिखल लागलेला असायचा. गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला. “गुरुजी, सुट्टी आहे ना? या चार दिवस. तुम्हाला एक नवे रान दाखवतो.” यवतमाळहून रात्रीच्या गाडीने मी निघालो. निघताना वावरांकडे पाहिले. उन्हाळी नांगरणी झाली होती. काळी ढेकळे उताणी पडली होती आणि त्यांतून हरळीच्या पांढऱ्या मुळ्या बाहेर आल्या होत्या. मे महिन्यात आमच्याकडे हरळीला ऊन दाखवतात. वैशाखाच्या उन्हात मुळ्या करपल्या तरच पुढे कपाशीची धडगत.

पुण्याच्या पश्चिमेला, बावधनच्या पुढे लवळ्याच्या डोंगरांत ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट आहे. चढ चढून गाडी वर आली आणि मी पाहतच राहिलो. भोवतालचे डोंगर उन्हाने पिवळे पडलेले, आणि मधोमध हिरव्या रंगाचा एवढा मोठा विस्तार की डोळ्यांना प्रथम खराच वाटेना. जमिनीतून आपोआप वर येणारे पाण्याचे फवारे गोल फिरत होते. मी वाकून त्या हिरवळीवर हात फिरवला. बोटांना ओळख पटायला वेळ लागला नाही. तीच पेरे, जमिनीलगत धावणारे तेच धागे. मी म्हणालो, “अरे, ही तर हरळी!”

तो हसून म्हणाला, “गुरुजी, इथे तिला बर्म्युडा म्हणतात.”

गोल्फचा खेळ सांगायला सोपा आहे. एक लहानसा पांढरा चेंडू, वजन फार तर ४६ ग्रॅम. तो काठीने मारत मारत दूरवरच्या एका गलीत घालायचा. गल म्हणजे गोट्यांच्या खेळातली असते तशीच, फक्त नेमकी सव्वाचार इंच रुंद. अशा अठरा गली. एकेक गल कुठे दीडशे, कुठे पाचशे यार्ड दूर. वाटेत वाळूचे खड्डे, पाणी, झाडी, चढउतार. कमीत कमी टोल्यांत जो अठराही गली पुऱ्या करील तो जिंकला. मोठ्या स्पर्धांच्या मैदानावर तरबेज खेळाडूने साधारण ७२ टोल्यांत फेरी पुरी करावी अशी अपेक्षा असते. खेळाडूला जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगता येतात. लांबच्या टोल्याची वेगळी, वाळूतून काढायची वेगळी, गलीजवळ हलकेच ढकलायची वेगळी. आमच्याकडे जसे वखर, डवरा, तिफण, खुरपे. ज्याचे काम त्यानेच करावे.

सगळ्या अठरा गली मी खेळलो असे म्हणणार नाही. नवख्याला त्या मैदानावर तसा शिरकावही नसतो. आधी तासभर सरावाच्या जागी चेंडू मारून झाले, मग मागून कुणी खेळणारे येत नाही असे पाहून विद्यार्थ्याने मला चार-पाच ठिकाणी मारू दिले. बाकी मी त्याच्याबरोबर चाललो. पहिल्या टोल्याला मी काठी उगारली ती कुदळीसारखी. बाहूंना तीच सवय. चेंडू जागचा हलला नाही, पण जमिनीचा वीतभर लचका हिरवळीसकट उडाला आणि पुढे जाऊन पडला. सामान वाहणारा कॅडी शांतपणे गेला, तो लचका उचलून आणला, खळग्यात नीट बसवला, पायाने दाबला आणि वर मूठभर वाळू पसरली.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. उपटलेली हरळी कुणी हाताने परत लावताना मी जन्मात पाहिले नव्हते.

“डोकं खाली ठेवा सर,” तो म्हणाला. “जोर नका लावू. काठीच काम करते.”

सहाव्या की सातव्या टोल्याला ते जमले. कसे जमले ते सांगता येणार नाही. हातांना धक्का बसला नाही, फक्त ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला, आणि चेंडू दरीवरच्या आभाळात चढत गेला. तो खाली येईपर्यंत मी, विद्यार्थी आणि कॅडी, तिघेही एकाच दिशेला तोंड करून गप्प उभे होतो. हा खेळ माणसाला वेड का लावतो ते मला त्या क्षणी समजले. शंभर वाईट टोल्यांनंतर एक चांगला टोला येतो आणि तो हातांच्या लक्षात राहतो. पुढचे सगळे चालणे त्याच्या शोधात. कपाशी लावणारा माणूस तरी दुसरे काय करतो? एखाद्या वर्षी पिकलेले असते, ते त्याच्या हातांच्या लक्षात असते.

गलीभोवतालच्या जागेला ग्रीन म्हणतात. तिथले गवत तीन-चार मिलिमीटर इतके बारीक कापतात. चेंडू त्यावरून जात्यातून पीठ सांडावे तसा निःशब्द घरंगळतो. डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन इथे सपाट नसते. अंगठ्याएवढ्या उतारानेही चेंडू गलीला वळसा घालून निघून जातो. तरबेज माणूस तिथे गुडघ्यावर बसून जमीन वाचतो. आमच्या गावचे जुने शेतकरीही पहिल्या पावसानंतर असेच बांधावर बसून पाणी कुठून कुठे वाहील ते वाचतात.

त्या रेशमी हरळीची कथा मी नंतर वाचली. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचे गाव आहे. तिथल्या शेतीसंशोधन केंद्रात ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने गोल्फच्या मैदानावर सापडलेली एक हरळी आणि आफ्रिकेतली तिची बारीक पात्याची बहीण यांचा संकर केला. १९५६ साली ‘टिफग्रीन’ ही जात निघाली आणि पुढे तिची भावंडे उष्ण देशांतल्या मैदानांवर पसरली. या हरळीला बी धरत नाही. कांड्यांचे तुकडे करून, ते लावूनच ती वाढवावी लागते. आमचा नांगर जे शिव्या खात करतो तेच तिथे मजुरी देऊन करवून घेतात! याच बर्टनच्या केंद्रातल्या बाजरीच्या वाणापासून १९६५ साली आपल्या देशात पहिली संकरित बाजरी तयार झाली. श्रीमंतांच्या पायाखालचे गवत आणि गरिबांच्या ताटातली भाकरी एकाच माणसाच्या हातून गेली आहे, हे वाचल्यापासून माझा त्या गवतावरचा राग थोडा निवला.

खेळ साहेबांनी आणला. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ सालचा. पण त्याच क्लबात हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया तिथेच कॅडीगिरी करत, बघून बघून खेळ शिकला. २००८ साली दिल्लीत त्याने इंडियन मास्टर्स जिंकली आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन. हरळी राखणाऱ्याचे पोर हरळीवर राजा झाले. माझ्या मॅट्रिकची जात याच कुळातली, असे म्हणायचा मोह मला होतो.

बाराव्या गलीपाशी दोघी-तिघी बाया उन्हात डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. हातात खुरपी. मी जवळ गेलो. एक परभणीकडची निघाली. म्हटले, “काय काढता बाई?”

“लव्हाळा अन् दुसरं तण.”

“आणि हरळी?”

ती हसली. “गावाकडं हरळी काढायचो, इथं हरळी ठेवून बाकीचं काढायचं. खुरपं तेच हाय बाबा.”

तिची बोटे हिरवी झाली होती. माझ्या आईची बोटे तशीच असत. चार महिने तो रंग सुटत नसे. मी मऊ बूट घालून उभा होतो, ते बूटही उसने. मला एकदम त्या हिरवळीवर पाय जड वाटू लागले. पण त्या बाईला तसे काही वाटत नव्हते. इथे बारमाही काम होते, सावलीला बसायला झाड होते, आणि गावाकडच्यासारखी पावसाची वाट पाहावी लागत नव्हती. तिच्या वतीने हळहळायचा अधिकार मला कुणी दिला होता?

गोल्फच्या मैदानावर मोठमोठे सौदे ठरतात असे मी ऐकून होतो. खेळ कमी, चालणे फार, म्हणून बोलायला सवड मिळते. चौदाव्या गलीकडे चालताना मला कळले की मलाही एका सौद्यासाठीच बोलावले होते.

“गुरुजी, बाबांना तुम्ही सांगा,” तो म्हणाला. “चार एकर विकून टाकू. माझ्याकडे येऊन राहू दे त्यांना. बैल नाहीत, मजूर मिळत नाहीत, दर वर्षी मी पैसे पाठवतो आणि ते वावरात जातात. माझे ते ऐकत नाहीत. तुमचे ऐकतील.”

त्याच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. त्याचे वडील सत्तरीला टेकलेले. कोरडवाहू कपाशीचा हिशेब मीही अनेक वर्षे पाहत आलो आहे. मी लगेच बोललो नाही. त्याचा चेंडू झाडीच्या कडेला, दगडाजवळ पडला होता. मी म्हणालो, “हलव ना थोडा बाजूला. इथे कोण पाहते?”

तो चमकला. “छे! जिथे पडला तिथूनच खेळायचा. नाहीतर आपणच आपल्या नावावर दंड मांडायचा. इथे पंच नसतो गुरुजी.”

त्याने तो वेडावाकडा टोला तिथूनच मारला. फार लांब गेला नाही. मग काठी पुसता पुसता तो बराच वेळ गप्प होता. मी म्हणालो, “विक म्हणून मी त्यांना सांगणार नाही. विकू नका असेही सांगणार नाही. तुझे म्हणणे आहे तसे त्यांच्या कानावर घालीन. मात्र पुढच्या निंदणाला तू स्वतः आठ दिवस ये, वावरात उभा राहा, आणि मग त्यांना विचार. एवढे फोनवर होत नाही.” त्याने मान हलवली. ती होकाराची होती की थकव्याची ते कळले नाही. शेवटच्या चार गली आम्ही फारसे न बोलता चाललो. उन्हे उतरली होती, वाऱ्याला गारवा आला होता, आणि खाली दूरवर पुणे शहराचे दिवे लागत होते. दिवस सुंदर होता हे नाकारणे म्हणजे खोटे बोलणे होईल.

राळेगावला परतल्यावर मी त्याच्या वडिलांकडे गेलो. ओसरीवर बसून सगळे सांगितले, मुलाचे म्हणणेही आणि मैदानही. वावर विकण्याच्या गोष्टीवर ते काहीच बोलले नाहीत. हरळीचे ऐकून मात्र पुढे सरकले.

“हरळीले पानी देतेत?”

“हो जी.”

“अन् उपटली तं परत लावतेत?”

“परत लावतात. वर वाळू टाकतात.”

म्हातारा पोटभर हसला. हसता हसता डोळे पुसले. मग म्हणाला, “मंग त्याले सांगा मास्तर, आपल्या वावरात येऊन खेळ म्हना. बैल इकल्यापासून तिथं दुसरं हाये काय?”

मी हा निरोप जसाच्या तसा पुण्याला कळवला. श्रावणात तो आला. आठ नव्हे, तीन दिवस राहिला. बाप वावरात खुरपे घेऊन पुढे आणि मुलगा मागे, असे दोघांना मी रस्त्यावरून जाताना पाहिले. थांबलो नाही. त्या तीन दिवसांत दोघांचे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, मी विचारलेही नाही. या दिवाळीपर्यंत तरी चार एकर विकले गेलेले नाही, आणि त्यातली हरळीही पुरती निघालेली नाही.